‘लेडीज साइज’चा बास

“सर, हा तर लेडीज साइज!” माझा नवा शॉर्ट-स्केल बास गिटार पाहून एका मित्राने शेरा मारला. तेव्हा गप्प बसलो, आता बोलतो. (संगीत हराम की हलाल, हा वाद काढणाऱ्यांशी पुन्हा कधीतरी.)

पहिलं म्हणजे, ‘लेडीज’ ही शिवी कधीपासून झाली?

लिओ फेंडरने १९५१ मध्ये प्रिसिजन बास आणला, त्याची स्केल ३४ इंच. पुढे तेच ‘फुल साइज’ ठरलं आणि त्याहून कमी ते पोरांचं. पण पॉल मॅकार्टनीने १९६१ मध्ये हॅम्बर्गला घेतलेला, व्हायोलिनच्या आकाराचा हॉफ्नर ३० इंची होता. बीटल्सचा बास काय पोरखेळ होता?

हिशेब साधा आहे. नटपासून चौथ्या फ्रेटपर्यंत ३४ इंचीवर सात इंच, ३० इंचीवर सव्वासहाच्याही आत. तार तीच, सूर तोच ठेवला तर ताण सुमारे २२ टक्के कमी. दिवसभर फळ्यावर लिहून घरी आलेल्या चाळिशीतल्या हातांना हा फरक लगेच कळतो. सगळ्यात खालच्या सुराची तार थोडी ढिली वाजते, हे कबूल. जाड तार लावली की भागतं.

आणि देखणेपणाची लाज कशाला? लाकडाच्या रेषा दिसू देणारं पॉलिश, हाताला टोचू नयेत म्हणून गोल केलेल्या कडा. करणाऱ्याने वाजवणाऱ्याचा विचार केलाय. आपल्याकडे मात्र दुखणं सोसलं तरच रियाज. चौथीच्या पोराला दहावीच्या बाकावर बसवून, अक्षर बिघडलं म्हणून छडी मारणारे मास्तर मी पाहिलेत.

जुना ३४ इंची विकायला काढलाय. त्या मित्राला अर्ध्या किमतीत देईन, मनगटाचा पट्टा फुकट.