विकत घेतलेल्या वस्तूवर मालकी कोणाची?

नांदेड-लातूरच्या शेतकऱ्याच्या हातातील स्मार्टफोन आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. २०२१ पासून ई-पीक पाहणी मोबाईलवरून होऊ लागली. सोयाबीनच्या शेतात उभे राहून पिकाचे छायाचित्र काढावे लागते. लातुरात शिकवणीसाठी राहणाऱ्या विद्यार्थ्याला घराशी जोडणारा दुवाही तोच. अशा वेळी एका रात्रीत सॉफ्टवेअर अपडेट होते आणि दिवसभर पुरणारी बॅटरी दुपारीच मान टाकते. ‘बॅटरी जुनी झाली, नवा फोन घ्या’ हा सल्ला मग ठरलेलाच.

हा सल्ला प्रत्येक वेळी प्रामाणिक असतोच असे नाही. जुन्या आयफोनचा वेग आपणच अपडेटद्वारे कमी केल्याची कबुली अ‍ॅपलने डिसेंबर २०१७ मध्ये दिली. झिजलेल्या लिथियम बॅटरीवर अचानक भार पडला की फोन बंद पडतो, तो पडू नये म्हणून हे केले, असा कंपनीचा खुलासा होता. कारण तांत्रिकदृष्ट्या खरे. परंतु ते ग्राहकापासून लपविले कशासाठी? बॅटरी बदलून भागणारे असताना कित्येकांनी नवा फोन घेतला. इटलीने २०१८ मध्ये अ‍ॅपलला १ कोटी आणि सॅमसंगला ५० लाख युरो, तर फ्रान्सने २०२० मध्ये अ‍ॅपलला अडीच कोटी युरो दंड ठोठावला.

भारतातही आयओएस १८ नंतरच्या तक्रारींवरून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अ‍ॅपलला नोटीस बजावल्याचे जानेवारी २०२५ मध्ये जाहीर झाले. परंतु नोटीस म्हणजे न्याय नव्हे. सुरक्षिततेसाठी अपडेट आवश्यक आहेत, हे कोणीही नाकारत नाही. मात्र बॅटरीवरील परिणाम आधी सांगणे, पूर्वस्थितीत परतण्याची सोय ठेवणे आणि मूळ बॅटरी जिल्ह्याच्या ठिकाणी वाजवी दरात देणे कंपन्यांना बंधनकारक झालेच पाहिजे.

१९७४ मध्ये बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात ग्राहक पंचायतीची मुहूर्तमेढ रोवली, ती ग्राहकाने संघटित व्हावे म्हणूनच. २०१९ च्या कायद्याने ग्राहकाला स्वतःच्याच जिल्ह्यातील आयोगाकडे दाद मागता येते; पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणात शुल्कही नाही. १९१५ ही राष्ट्रीय हेल्पलाईन उपलब्ध आहे. पावती जपून ठेवावी, अपडेटची तारीख टिपून ठेवावी आणि तक्रार लेखी करावी. मुकाट्याने नवा फोन घेणारा ग्राहक राजा नव्हे, तो केवळ गिऱ्हाईक ठरतो.