शेजाऱ्याचा कुत्रा आणि आमची भीड

'कुत्रा हा इमानी प्राणी आहे,' या वाक्यानें आरंभ होणारे किती निबंध आम्हीं आजवर तपासले असतील, त्यांची गणती नाहीं. वाक्य खोटें नाहीं. परंतु त्या निबंधांत एक गोष्ट नेहमीं राहून जाते. कुत्र्याचें इमान आपल्या धन्यापाशीं असतें. धन्याच्या शेजारीं राहणाऱ्या चार वर्षांच्या मुलापाशीं तें असेलच असें नाहीं. या राहून गेलेल्या गोष्टीविषयीं आज चार शब्द लिहावयाचे आहेत, आणि ते लिहितांना प्रथम आमचीच एक चूक कबूल करावयाची आहे.

आमच्या घराला लागून एका सेवानिवृत्त गृहस्थांचें घर आहे. सारी आळी त्यांना अण्णा म्हणते. माणूस मोठा सज्जन. अडल्यानडल्याच्या हांकेला धांवणारा. पत्नी वारल्यावर घर खायला उठूं लागलें, म्हणून त्यांनीं एक पिलूं आणलें व हौसेनें त्याचें नांव टायगर ठेविलें. दोन वर्षांत टायगर नांवाला जागला. दिवसभर तो फाटकाजवळ आंखूड साखळीनें बांधलेला असे, आणि संध्याकाळीं सुटला कीं कुंपणाला धडका देई. आमचीं मुलें तेव्हां सात व चार वर्षांचीं होतीं. धाकटी त्या फाटकावरून जातांना आमचा सदरा दोन्ही हातांनीं घट्ट धरून ठेवी. अण्णा ओट्यावरून हंसून म्हणत, "घाबरूं नका मास्तर, तो कांहीं करीत नाहीं." आम्हीही हंसून मान डोलावीत असूं.

पुढें एकदां फाटक उघडें राहिलें व टायगरनें आमच्या मुलाच्या दप्तराचा पट्टा दांतांत धरून त्याला चार पावलें ओढीत नेलें. अंगाला दांत लागला नाहीं. त्या रात्रीं आम्हीं घरांत पुष्कळ विचार केला, आणि शेवटीं ठरविलें काय? तर शेजाऱ्याचें मन दुखवूं नये. दुसऱ्या दिवसापासून आमचीं मुलें मागच्या बोळांतून, लांबच्या वाटेनें शाळेंत जाऊं लागलीं. आपल्यावरचें संकट टळलें, असें आम्हांस वाटलें.

तें टळलें नव्हतें. दुसऱ्याच्या दारीं गेलें होतें. दोन महिन्यांनीं आळींत धुणींभांडीं करणाऱ्या बाईंचा पांच वर्षांचा मुलगा चेंडूमागें धांवत त्या फाटकाशीं गेला. आरडाओरडा ऐकून आम्ही बाहेर आलों, तों त्याच्या दंडावर व गालावर जखमा झालेल्या होत्या. उपचार वेळेवर मिळाले आणि मुलगा बरा झाला. गालावर वण मात्र राहिला. रुग्णालयाच्या ओसरीवर त्याची आई आम्हांस एवढेंच म्हणाली, "सर, तुमचीं मुलें त्या वाटेनें जात नाहींत, हें मी रोज बघत होतें. कां जात नाहींत, तें मात्र तुम्हीं मला सांगितलें नाहींत."

या वाक्याला आमच्यापाशीं उत्तर नव्हतें, आणि आजही नाहीं. भीड ही भिकेची बहीण, असें आपले वाडवडील म्हणत आले. ज्या सभ्यतेमुळें आपण शेजाऱ्याला खरें सांगत नाहीं, ती सभ्यता पुष्कळदां निव्वळ भीड असते. आणि तिची किंमत भीड बाळगणारा देत नाहीं, ती एखादें अजाण मूल देतें.

'तो कांहीं करीत नाहीं,' हें धन्याचें वाक्य कपटाचें नसतें. धन्यानें कुत्र्याचें जें रूप पाहिलेलें असतें, तेंच तो सांगतो. परंतु मुलाला दिसणारें रूप वेगळें असतें. मुलें धांवतात, किंचाळतात, एकाएकीं हात पुढें करितात. पळणाऱ्या वस्तूमागें धांवणें हा तर कुत्र्याचा जातिस्वभाव आहे. शिवाय लहान मुलाचें तोंड मोठ्या कुत्र्याच्या तोंडाच्या उंचीवर येतें; म्हणून मोठ्या माणसाच्या पोटरीला होणारी जखम मुलाच्या गालाला किंवा मानेला होते. जो कुत्रा रात्रंदिवस साखळीला बांधलेला असतो, ज्याला फिरणें नाहीं, ज्याची माणसांत ऊठबस नाहीं, तो शांत न होतां बहुधा अधिक चिडखोर होतो. प्राण्यांना क्रूरतेनें वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यानें प्राण्याला अवाजवी आंखूड साखळीनें दीर्घकाळ बांधून ठेवणें आणि सदा बांधलेल्या कुत्र्याला फिरविण्याची हयगय करणें, हे दोन्ही अपराध मानिले आहेत. तेव्हां मुलाचें हित आणि कुत्र्याचें हित हीं परस्परविरुद्ध आहेत, ही समजूतच चुकीची आहे. आंखूड साखळी दोघांचीही वैरीण आहे.

कित्येक धन्यांना वाटतें कीं, फाटकावर 'कुत्र्यापासून सावध राहा' अशी पाटी लाविली म्हणजे आपलें कर्तव्य संपलें. ही पाटी फार जुनी आहे. इसवी सन ७९ मध्यें ज्वालामुखीच्या राखेखालीं गडप झालेल्या पाँपेई नगरांत एका घराच्या उंबऱ्याशीं साखळीनें बांधलेल्या कुत्र्याचें चित्र रंगीत खड्यांनीं रचिलेलें सांपडलें आहे, व त्याखालीं लॅटिन भाषेंत हाच इशारा दिला आहे. परंतु ज्याला मुळाक्षरें येत नाहींत, त्याला पाटीचा काय उपयोग? उलट, आपला कुत्रा चावरा आहे हें आपणांस ठाऊक होतें, याची लेखी कबुलीच धनी त्या पाटीनें देत असतो.

आणि ठाऊक असणें, हाच या प्रश्नाचा गाभा आहे. पवित्र शास्त्रांत, निर्गमाच्या एकविसाव्या अध्यायांत, हुंदाडणाऱ्या बैलाविषयीं नियम आहे. बैलानें पूर्वीं कधीं कोणाला मारिलें नसेल, तर धनी निर्दोष. परंतु तो मारका आहे हें ठाऊक असून, ताकीद मिळूनही धन्यानें त्याला आवरलें नाहीं, तर दोष धन्याचा. आपल्या देशांतही १८६० च्या दंडसंहितेंत असें कलम होतें, आणि १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या २९१ व्या कलमांत तेंच तत्त्व आहे. आपल्या ताब्यांतील प्राण्यापासून माणसास धोका होऊं नये म्हणून पुरेशी व्यवस्था ठेवण्यांत जाणूनबुजून किंवा हयगयीनें कसूर करणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा पांच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊं शकतात. पुण्यासारख्या शहरांत पाळीव कुत्र्याचा परवानाही महानगरपालिकेकडून काढावा लागतो.

कायदा आहे तो असा. परंतु निर्गमांतील त्या नियमांत एक शब्द आमच्यासाठींही आहे, तो म्हणजे ताकीद. धन्याला ताकीद देणारा कोणी तरी असावयास पाहिजे. ती शेजाऱ्यानें नाहीं द्यावयाची, तर कोणी द्यावयाची?

ती कशी द्यावी, याविषयीं आम्हांस उशिरां सुचलेलें शहाणपण पालकांपुढें ठेवितों. कुत्रा अंगावर आला त्या क्षणीं, रागाच्या भरांत, रस्त्यावर उभें राहून बोलूं नये. दुसऱ्या दिवशीं त्यांच्या घरीं जाऊन बसावें. काय घडलें, कोणत्या दिवशीं घडलें, तें नेमकें सांगावें. 'तुमचा कुत्रा वाईट आहे' असें म्हणूं नये. मागावयाचें तें स्पष्ट मागावें: फाटकाला आपोआप लागणारी कडी, कुंपणाच्या खालच्या फटी बुजविणें, बाहेर नेतांना हातांत दोरी व गरज पडल्यास तोंडाला मुसकें, आणि दरवर्षींची रेबीजची लस. आपल्याकडून जें साह्य होईल, तें देऊं करावें. एवढ्यानें न भागल्यास आळींतील चार घरांनीं मिळून लेखी विनंती करावी. मग नगरपालिका, आणि सर्वांत शेवटीं पोलीस. दगड मारणें किंवा अन्नांतून विष घालणें हा मात्र उपाय नव्हे. तो गुन्हा आहे, आणि मुलांदेखत केलेलें तें वाईट शिक्षणही आहे.

आतां विद्यार्थिमित्रांनो, कांहीं शब्द तुमच्यासाठीं. अनोळखी कुत्रा जवळ आला तर पळूं नका, ओरडूं नका. हात अंगालगत ठेवून झाडासारखे स्तब्ध उभे राहा, त्याच्या डोळ्यांस डोळा भिडवूं नका, आणि तो दूर झाल्यावर हळूहळू मागें सरा. त्यानें पाडलेंच, तर गुडघे पोटाशीं घेऊन, हातांनीं मान व कान झांकून, मुटकुळें करून पडून राहा. जेवणाऱ्या, निजलेल्या किंवा पिलांजवळ असलेल्या कुत्र्याच्या वाटेला जाऊं नका. शेपूट हलली म्हणजे कुत्रा खुशींत आहे, असें समजूं नका. अंग ताठ असेल व नजर रोखलेली असेल, तर दूर राहा. बांधलेल्या कुत्र्याला खडे मारून चिडविणें यांत शौर्य नाहीं. तुम्हीं चिडविलेला कुत्रा उद्यां तुमच्याच धाकट्या बहिणीला भेटेल.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही कीं, ओरखडा निघाला तरी तो घरीं लपवूं नका. रेबीजचीं लक्षणें बहुधा दोन-तीन महिन्यांनीं, कधीं त्याहून लौकर किंवा उशिरां दिसतात. आणि एकदां तीं दिसलीं कीं रोगी प्रायः वांचत नाहीं. त्यापूर्वीं मात्र वेळेवर व पुरे उपचार झाले, तर हा रोग टाळतां येतो. जखम वाहत्या पाण्यानें व साबणानें पंधरा मिनिटें धुवावी. तिखट, चुना, हळद असलें कांहींही तींत भरूं नये. त्याच दिवशीं रुग्णालयांत जावें. कुत्रा पाळलेला आहे किंवा त्याला लस दिलेली आहे, म्हणून आपणच निर्णय करूं नये. तो डॉक्टरांस करूं द्यावा. आजी-आजोबांच्या तोंडीं अजून पोटांत घ्यावयाच्या चौदा सुयांचें भय असतें. त्या जुन्या लशीचा वापर आपल्या देशांत २००५ पर्यंत बंद झाला. आतां सुया दंडांत देतात, आणि रुग्णालयाच्या चार-पांच खेपांत काम होतें; जखम मोठी असल्यास तिच्याभोंवतीं आणखी एक औषध टोंचतात. जाणें तेवढें तारखेस चुकवूं नये.

या लशीची कथा एका शाळकरी मुलापासूनच सुरू झाली. जोसेफ माइस्टर हा अल्सास प्रांतांतील नऊ वर्षांचा मुलगा. पिसाळलेल्या कुत्र्यानें त्याचे ठिकठिकाणीं लचके तोडले. त्याची आई त्याला घेऊन पॅरिस गांठती झाली, आणि ६ जुलै १८८५ रोजीं लुई पाश्चर यांच्या देखरेखीखालीं त्याला पहिली सुई दिली गेली. मुलगा वांचला, आणि मोठा झाल्यावर पाश्चर यांच्याच संस्थेंत द्वारपाल म्हणून राहिला. त्या आईला दूरच्या नगरीस जावें लागलें. आपणांस जवळच्या सरकारी रुग्णालयापर्यंत जावयाचें आहे. तेवढेंही आपण न केलें, तर दोष कोणाचा?

असो. अण्णांकडे आम्ही शेवटीं गेलों, तें त्या मुलाला इजा झाल्यानंतर चौथ्या दिवशीं. डॉक्टरांच्या सांगण्यावरून टायगरवर दहा दिवस नजर ठेवावयाची होती. अण्णा दोन दिवस जेवले नव्हते. दहा दिवस सरले कीं टायगरला गांवाबाहेर नेऊन सोडून द्यावयाचें, असें त्यांनीं मनाशीं ठरविलें होतें. आम्हीं त्यांना म्हटलें, "अण्णा, असें केल्यानें आपली आळी मोकळी होईल, पण दुसऱ्या कोणाच्या तरी दारांत तो उभा राहील." आम्हीं लांबची वाट धरून जें केलें होतें, तेंच ते करूं पाहत होते. दहा दिवस निर्वेध गेले. मग कुंपण उंच केलें, फाटकाला कडी बसविली, आणि साखळी सोडून टायगरला मागच्या अंगणांत मोकळा ठेविला. रोज पहांटे, रस्त्यावर मुलें येण्यापूर्वीं, अण्णा त्याला मुसकें घालून फिरावयास नेतात. मुलाच्या उपचारासाठीं त्याच्या आईची जी मजुरी बुडाली, ती त्यांनीं न मागतां भरून दिली. टायगर कांहीं कोंकरूं झालेला नाहीं. परंतु आमचीं मुलें आतां पुढच्या वाटेनें शाळेंत जातात, आणि त्या बाईंचा मुलगाही त्यांच्याबरोबर जातो.

त्या दिवशीं निघतांना अण्णा फाटकापर्यंत आले व म्हणाले, "मास्तर, दप्तर धरलें त्याच दिवशीं तुम्हीं मला कां नाहीं सांगितलेंत?" चार दिवसांत दुसऱ्यांदा तोच प्रश्न आम्हांस विचारला गेला होता. पालकहो, तो तुम्हांस कोणी विचारण्यापूर्वीं, आजच संध्याकाळीं शेजाऱ्याची कडी वाजवा.