आधी कुलगुरूंवर कलम लावा!

जून २०२३ च्या पहिल्या आठवड्यात मुंबईत चर्नी रोडजवळच्या सरकारी मुलींच्या वसतिगृहात चौथ्या मजल्यावरची एक खोली बाहेरून बंद होती आणि आत अठरा वर्षांच्या एका विद्यार्थिनीचा मृतदेह पडला होता. अत्याचार करून तिचा खून करण्यात आला होता. विदर्भातून मुंबईला शिकायला आलेली ही पोर. वसतिगृहाला नाव सावित्रीबाई फुले यांचे आणि मालकी महाराष्ट्र शासनाची. पोलिसांचा संशय ज्याच्यावर गेला तो कुणी भिंत ओलांडून आलेला दरोडेखोर नव्हता. तो त्याच वसतिगृहात पहारा देणारा, तिथे वर्षानुवर्षे राबता असलेला माणूस होता. त्याच दिवशी पहाटे रेल्वेच्या रुळांवर त्याचा मृतदेह सापडला. बहुतेक मुली निघून गेल्याने मजला ओस पडला होता आणि ही मुलगी तिथे एकटी राहत होती. तो माणूस त्रास देतो असे तिने सांगितले होते, हे तिच्या वडिलांनी जाहीरपणे सांगितले.

संशयितच मेला म्हणून खटला उभा राहिला नाही. चौकशी समिती नेमली गेली, निवेदने झाली, आणि महाराष्ट्र आपल्या कामाला लागला. आमचा संताप इथे आहे. मारणारा मेला असेल, पण त्या ओस मजल्यावर एका मुलीला एकटी राहू देणारी यंत्रणा जिवंत होती, पगार घेत होती आणि आजही घेते आहे. मजला रिकामा होत चालला आहे, एकच मुलगी उरली आहे, हे कुणाला तरी कळायलाच हवे होते. तिला खालच्या मजल्यावर आणायला काय लागले असते? एक खाट आणि दोन माणसे! कुंपणानेच शेत खाल्ले, असे म्हणून सगळे मोकळे झाले. ते कुंपण कुणी घातले, कुणी तपासले, शेताचा राखणदार कोण, हे विचारायला कुणी उरले नाही.

या देशातल्या विद्यापीठांना सुरक्षा म्हणजे काय ते कळत नाही, असे आम्ही म्हणणार नाही. त्यांना चांगले कळते. फक्त ती सुरक्षा विद्यार्थ्यांची नसते, संस्थेच्या नावाची असते. कोणत्याही वसतिगृहाच्या दारावर जा आणि टेबलावरच्या दोन वह्या उघडून पाहा. पहिली येणाऱ्या-जाणाऱ्यांची. हाताने मारलेल्या वाकड्या रेघा, सुतळीला बांधलेले पेन. ‘कोणाकडे’ या रकान्यात ‘मेस’, ‘काम’, ‘साहेब’. मोबाइल क्रमांकात कुठे नऊ आकडे, कुठे अकरा. आत गेल्याची वेळ आहे, बाहेर पडल्याची नाही. सकाळी नळदुरुस्तीला आलेला माणूस संध्याकाळपर्यंत बाहेर पडला की नाही, ते या वहीतून ब्रह्मदेवालाही कळणार नाही. दुसरी वही मुलींची. ती मात्र चोख! नऊची वेळ असताना नऊ वाजून सात मिनिटांनी आलेल्या मुलीच्या नावापुढे लाल शाईची खूण, उशिराचे कारण, रेक्टरची सही, घरी फोन केल्याची नोंद. जिच्यापासून कुणालाही धोका नाही तिचा मिनिटामिनिटाचा हिशेब ठेवता, आणि ज्याच्यापासून धोका असू शकतो त्याचे धड नावही लिहून घेत नाही? ही नुसती ढिलाई नाही. मुलगीच संशयित आहे, असे मानणाऱ्या मनाची ती कबुली आहे.

हे मन काशीत २०१७ च्या सप्टेंबरात उघडे पडले. बनारस हिंदू विद्यापीठाच्या आवारात संध्याकाळी एका विद्यार्थिनीची छेड काढली गेली. तिने दाद मागितली तेव्हा या वेळी बाहेर कशाला फिरत होतीस, असे तिलाच विचारले गेले. मुली सिंहद्वारावर ठाण मांडून बसल्या, तर रात्री त्यांच्यावर लाठ्या चालल्या. देशभर छी-थू झाल्यावर कुलगुरू रजेवर गेले. आणि धडा काय घेतला? सहा वर्षांनी, नोव्हेंबर २०२३ च्या सुरुवातीला, त्याच आवारातल्या आयआयटीच्या विद्यार्थिनीवर रात्री दुचाकीवरून आलेल्या तिघांनी अत्याचार केला. आरोपींना अटक व्हायला सुमारे दोन महिने लागले. प्रशासनाला मात्र एक तोडगा लगेच सुचला: आयआयटी आणि विद्यापीठ यांच्यामध्ये भिंत बांधायची! गुन्हेगार हाती लागण्याआधी विटांचा विचार झाला.

चेन्नईच्या अण्णा विद्यापीठात डिसेंबर २०२४ मध्ये आवारातच एका विद्यार्थिनीवर अत्याचार झाला. तिने धीर करून तक्रार दिली, तर पहिल्या खबरीतला मजकूर बाहेर फुटून तिची ओळख चव्हाट्यावर आली. मद्रास उच्च न्यायालयाला तिला २५ लाख रुपयांची भरपाई द्यायला सांगावे लागले. आरोपीला पाच महिन्यांत जन्मठेप झाली, ही त्यातली एकमेव समाधानाची गोष्ट.

आणि कोलकाता! ९ ऑगस्ट २०२४ रोजी आर. जी. कर वैद्यकीय महाविद्यालयात, सलग ड्युटी करून सभागृहात विसावलेल्या शिकाऊ डॉक्टरवर अत्याचार करून तिचा खून झाला. दोषी ठरला तो पोलिसांच्याच दिमतीला असलेला, रुग्णालयात मोकाट वावरणारा सिव्हिक व्हॉलंटिअर. पुन्हा तेच कुंपण. त्याला जन्मठेप झाली. पण त्या संस्थेच्या प्राचार्यांचे पाहा. त्यांनी राजीनामा दिला आणि त्याच दिवशी शहरातल्या दुसऱ्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या प्राचार्यपदी त्यांची नेमणूक झाली! उच्च न्यायालयाने दुसऱ्या दिवशी खडसावल्यावर ते रजेवर गेले. न्यायालय मध्ये पडले नसते तर ज्यांच्या आवारात मुलगी मेली ते नव्या खुर्चीत बसून सुरक्षेची परिपत्रके काढत असते.

ओडिशातल्या बालासोरची मुलगी तर आवाराबाहेरच्या कुणाला घाबरत नव्हती. तिची तक्रार तिच्याच विभागप्रमुखाविरुद्ध होती. तिने ती महाविद्यालयाच्या समितीकडे केली, वर दाद मागितली, ठिय्या दिला. न्याय मिळत नाही हे पाहून जुलै २०२५ मध्ये तिने महाविद्यालयाच्या आवारातच स्वतःला पेटवून घेतले आणि दोन दिवसांत ती गेली. विभागप्रमुखाला आणि प्राचार्यालाही अटक झाली, पण कधी? मुलगी जळाल्यावर!

मुलगे सुरक्षित आहेत असेही कुणी समजू नये. जादवपूर विद्यापीठाच्या वसतिगृहात ऑगस्ट २०२३ मध्ये पहिल्या वर्षाचा कोवळा मुलगा रॅगिंगने मेला, आणि पकडलेल्यांत शिक्षण संपवूनही वसतिगृहात तळ ठोकलेले माजी विद्यार्थी निघाले.

या सगळ्या प्रकरणांत एकच गोष्ट सारखी आहे. गुन्हा करणाऱ्याला शिक्षा होते, निदान होण्याची सोय आहे. ज्याने तो होऊ दिला त्याला बहुतेक वेळा काहीही होत नाही. २०१३ चा लैंगिक छळविरोधी कायदा उघडून पाहा. अंतर्गत समिती नेमलीच नाही तर दंड किती? फार तर ५० हजार रुपये! कोट्यवधींचे शुल्क गोळा करणाऱ्या संस्थेला ही रक्कम स्नेहसंमेलनाच्या मांडवालाही पुरत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१५ मध्ये विनियम केले, विद्यार्थ्यांनी निवडून दिलेले प्रतिनिधी समितीवर असावेत, ९० दिवसांत चौकशी संपावी, असे त्यात लिहिले. त्याच वर्षी आयोगाने सुरक्षेची मार्गदर्शक तत्त्वेही काढली: काटेरी कुंपण, सीसीटीव्ही, बायोमेट्रिक हजेरी. कागद सुरेख आहेत. पण कागद पाळला नाही म्हणून कोणत्या कुलगुरूची खुर्ची गेली?

कायदा कसा करावा हे महाराष्ट्राला शिकवायला नको. याच राज्याने १९९९ साली रॅगिंगबंदीचा कायदा केला. त्यात संस्थाप्रमुखावर बंधन आहे की तक्रार आली की सात दिवसांत चौकशी करायची आणि तथ्य दिसले तर ती पोलिसांकडे पाठवायची. हे त्याने केले नाही तर त्याने गुन्ह्याला साहाय्य केले असे मानले जाईल आणि शिक्षा रॅगिंग करणाऱ्याइतकीच, दोन वर्षांपर्यंत कैद! हे कलम पंचवीसहून अधिक वर्षे कायद्याच्या पुस्तकात आहे. मग मुलीचा पाठलाग होतो, वॉचमन खोलीत डोकावतो, प्राध्यापक गुणांची भीती घालतो, अशा तक्रारी दाबणाऱ्या संस्थाप्रमुखाला तेच कलम का नाही? चिडवणे, मारहाण दडवणारा प्राचार्य गुन्हेगार आणि अत्याचाराची पूर्वसूचना दडवणारा माननीय, हा कुठला न्याय?

आम्हाला सांगितले जाईल की कुलगुरू काय दारावर पहारा देत बसतील? कारखान्यात कामगाराचा हात यंत्रात सापडतो तेव्हा मालक यंत्रापाशी उभा नसतो. तरीही १९४८ चा कारखाने अधिनियम मालक आणि व्यवस्थापक दोघांनाही दोषी धरतो, कारण यंत्राला जाळी लावायची जबाबदारी त्यांची असते. लोखंडाच्या कारखान्याला जे लागू आहे ते विद्येच्या आवाराला लागू नाही, असे म्हणणाऱ्याने विद्येचे नाव घेऊ नये.

आणि दारावरच्या त्या पहारेकऱ्याबद्दलही बोलले पाहिजे. सुरक्षेचे कंत्राट सर्वांत कमी दर लावणाऱ्याला मिळते. तो दर राखायचा म्हणून एकाच माणसाला सलग दोन पाळ्या करायला लावतात. रात्री तीन वाजता त्याचे डोळे मिटले तर दोष त्याचा, आणि निविदेवर सही करणारे साहेब निर्दोष! खासगी सुरक्षा संस्थांच्या २००५ च्या कायद्यात पहारेकऱ्याची पार्श्वभूमी तपासणे आणि त्याला प्रशिक्षण देणे बंधनकारक आहे. आणि पहारा नेमका कुठे हवा? पुण्याच्या विद्यापीठाचा पसारा ४११ एकरांचा. इतक्या झाडीत, अंधाऱ्या पायवाटांवर कोण फिरते, कोणत्या वळणावरचा दिवा बंद आहे, हे कंत्राटदाराच्या बिलावरून नव्हे, तिथून रोज रात्री अभ्यासिकेतून परतणाऱ्या मुलींकडून कळते. त्यांना विचारतो कोण?

कॅमेऱ्यांचे तेच. कोणतीही घटना घडली की मंत्रिमहोदय कॅमेऱ्यांची घोषणा करतात. कॅमेरा गुन्हा टिपतो, अडवत नाही. त्याच्या पडद्यासमोर जागा माणूस असेल तरच अडवतो. फाशीच्या घोषणांचेही असेच. २०२१ च्या डिसेंबरात या राज्याच्या विधिमंडळाने शक्ती विधेयक एकमताने मंजूर केले, टाळ्या वाजल्या, आणि ते कायदा म्हणून उभे राहिलेच नाही. गळफासाची भाषा करणाऱ्यांना वसतिगृहाची कडी सुचत नाही.

अमेरिकेत १९८६ मध्ये लिहाय विद्यापीठाच्या वसतिगृहात एका विद्यार्थिनीचा असाच अंत झाला. आपोआप बंद होणारी दारे अडसर घालून उघडी ठेवलेली होती आणि मारेकरी त्यांतूनच आत शिरला. तिच्या आईवडिलांनी रडत बसणे नाकारले. त्यांच्या लढ्यातून १९९० चा क्लेरी कायदा झाला. आवारातल्या तीन वर्षांच्या गुन्ह्यांची आकडेवारी तिथल्या विद्यापीठांना दरवर्षी जाहीर करावी लागते, गुन्ह्यांची रोजची नोंद लोकांसाठी खुली ठेवावी लागते, धोका असेल तर विद्यार्थ्यांना तातडीने कळवावे लागते. माहिती दडवली तर दंड होतो. २०२४ मध्ये लिबर्टी विद्यापीठाला १ कोटी ४० लाख डॉलरचा दंड झाला. आमच्याकडे मूल्यांकनाच्या अहवालात ग्रंथालयातल्या पुस्तकांची, पेटंटांची, झाडांचीसुद्धा मोजदाद असते. गेल्या तीन वर्षांत या आवारात किती विनयभंग झाले, किती चोऱ्या, किती हल्ले, किती तक्रारी निकाली निघाल्या, हे प्रवेशपत्रिकेत छापायची हिंमत कोणत्या विद्यापीठात आहे? संस्थेची बदनामी होईल म्हणता? मुलीची बदनामी होईल म्हणून घरच्यांनी तिला गप्प बसवावे, ही जी रीत आपण मागे टाकली म्हणतो, तीच विद्यापीठे पाळत आहेत.

२०२४ पासून या राज्याने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शुल्क माफ केले. निर्णय चांगलाच आहे, आम्ही त्याचे स्वागत केले. पण शुल्क माफ करून तुम्ही या मुलींना गावातून बोलावले आहे. नंदुरबारच्या, गडचिरोलीच्या बापाने जमीन गहाण न टाकता लेकीला शहरात पाठवले ते तुमच्या शब्दावर. तिला राहायला सरकारी वसतिगृहाखेरीज दुसरी जागा परवडत नाही. श्रीमंताच्या मुलीला नको असलेले वसतिगृह सोडता येते. हिला येत नाही. म्हणून तिच्या खोलीच्या कडीची, तिच्या मजल्यावरच्या दिव्याची, तिच्या तक्रारीच्या कागदाची जबाबदारी तुमची आहे, आणि ती एका माणसाच्या नावावर लिहिली गेली पाहिजे. ‘प्रशासन’ नावाच्या कुणालाही आजवर तुरुंगात जावे लागलेले नाही.

तेव्हा मागणी साधी आहे. १९९९ च्या कायद्यातले ते कलम लैंगिक छळ, पाठलाग आणि धमकीच्या तक्रारींना लावा. सात दिवसांत हालचाल न करणारा कुलगुरू, प्राचार्य, वसतिगृह अधीक्षक गुन्ह्याचा साहाय्यक ठरवा. आवारातल्या गुन्ह्यांची आकडेवारी प्रवेशाआधी छापणे सक्तीचे करा. सुरक्षेचे कंत्राट देणाऱ्या समितीवर विद्यार्थिनी घ्या, आणि मुलींच्या वसतिगृहाच्या आत पुरुष कर्मचारी एकटा फिरणार नाही, हे लेखी बंधन घाला. कलम तयार आहे, नमुना तयार आहे. मसुदा लिहायला विधी विभागाला एक दुपार पुरे. नव्या वर्षाचे प्रवेश सुरू होण्याआधी हे विधेयक सभागृहात आले पाहिजे. आणि ते आल्यावर कोणत्या आमदाराने त्याला विरोध केला, कोणत्या संस्थाचालक आमदाराने ते समितीकडे ढकलले, हे नावानिशी छापायला आम्ही तयार आहोत.