अंगठा म्हणजे होकार नव्हे

शनिवार सकाळ, दुसरा चहा, आणि डोक्यात अजून गुरुवारच चालू आहे. तेव्हा आज जरा भांडणार आहे.

झालं असं की आमच्या टीममधल्या एका ज्युनिअर मुलीनं गुरुवारी रात्री चॅटवर विचारलं, "सर, मायग्रेशन आज रात्री चालवू का?" मी जेवत होतो. डाव्या हातानं अंगठा टाकून दिला. माझ्या लेखी त्याचा अर्थ 'वाचलं, बघतो'. तिच्या लेखी 'चालव'. तिनं चालवलं. सकाळी चार तास सिस्टिम झोपलेली. काल आरसीए झाला, त्यात कारण लिहिलं गेलं 'कम्युनिकेशन गॅप' आणि पुढे नाव तिचं. मी त्या मीटिंगमध्ये होतो. गप्प बसलो.

गॅप-बिप काही नाही हो. आपण आयटीवाले इशाऱ्यांच्या बाबतीत अडाणी आहोत, एवढंच.

क्रिकेट बघा. पंचानं उचललेल्या गुडघ्याला हात लावून लेगबाय दिला की त्याचं काम संपत नाही. एमसीसीचा नियमच आहे: स्कोअररनं प्रत्येक इशाऱ्याची वेगवेगळी पोच दिल्याशिवाय पंचानं खेळ पुढे सुरू होऊ द्यायचा नाही. आझाद मैदानावरच्या साध्या मॅचमध्येही तिकडे टेबलापाशी बसलेला स्कोअरर हात वर करतो, मगच पुढचा चेंडू. नो-बॉल तर पंच दोनदा दाखवतो. एकदा लगेच, खेळाडूंसाठी. आणि चेंडू डेड झाला की पुन्हा, स्कोअररसाठी. खेळाडूंना दाखवलं तेव्हा त्यानंही बघितलं असेलच, असं धरून चालत नाहीत.

लोकलमध्येही तेच. गार्ड (२०२२ पासून त्यांना ट्रेन मॅनेजर म्हणतात, पण जिभेवर गार्डच येतं) दोन बेल देतो, मोटरमन दोन बेल परत देतो, आणि गाडी हलते.

बरं, हे आपल्याला माहीत नाही असंही नाही. टीसीपीचा थ्री-वे हँडशेक आपण प्रत्येक फ्रेशरला इंटरव्ह्यूत विचारतो! मशीनकडून पोच हवी, माणसाकडे मागायची मात्र लाज वाटते.

त्याहून भयंकर म्हणजे आपलं मौन. रेल्वेत सिग्नलचा दिवा विझलेला असला तर ड्रायव्हरनं तो सगळ्यात कडक समजायचा, थांबायच्या तयारीनं. जुन्या हाताच्या सिग्नलची तार तुटली की हात आपोआप 'थांबा'वर यायचा. म्हणजे बिघाड झाला की धोका, असं गृहीत धरूनच ते बांधलेलं. आणि आमच्याकडे मेल येतो, "सहा वाजेपर्यंत आक्षेप न आल्यास मंजुरी समजू." उद्या मोटरमन म्हणाला, "दिवा दिसला नाही, म्हणजे हिरवाच असणार," तर बसाल त्या गाडीत?

आता तो अंगठा. मालवणला स्कूबाला गेला असाल तर आठवत असेल, पाण्यात अंगठा वर म्हणजे 'वर चला'. सगळं ठीक सांगायला अंगठा आणि तर्जनीचा गोल करायचा. 'मस्त चाललंय' म्हणून अंगठा दाखवलात तर इन्स्ट्रक्टर तुम्हाला वर घेऊन येईल. एका खुणेला एकच अर्थ, आणि तो बुडी मारायच्या आधी ठरलेला. आमच्या चॅटवर त्याच अंगठ्याचे अर्थ किमान पाच: वाचलं, चालेल, शाब्बास, आता पुरे, आणि 'मी जेवतोय'.

क्रेनवर तर आणखी एक पद्धत आहे, ती मला फार आवडते. ऑपरेटरनं इशारे एकाच ठरलेल्या माणसाचे घ्यायचे. पण 'थांब' कुणीही केलं, अगदी झाडूवाल्यानं, तरी थांबायचं. आमच्याकडे ज्युनिअरनं 'थांबा' म्हटलं तर तिला अप्रेझलमध्ये 'कॉन्फिडन्स वाढवा' असा शेरा मिळतो.

कुणी म्हणेल, इतकी पोच देत बसलो तर कामं कधी करायची, आपण अजाईल आहोत. स्कोअररला हात वर करायला एक सेकंद लागतो. गुरुवारी 'थांब, आधी बघतो' टाइप करायला मला तीन लागले असते.

असो. आरसीए पुन्हा उघडा असा मेल मघाशीच लिहिलाय, कारणाच्या रकान्यात माझं नाव घालून. मॅनेजरला पाठवलाय, आणि खाली लिहिलंय: कृपया शब्दांत उत्तर द्या.