अंकांशी गट्टी

बालाघाटसारख्या गावी मराठी घरात वाढणाऱ्या चार वर्षांच्या बालकापुढे एक अडचण असते. ती मोठ्यांच्या सहसा ध्यानी येत नाही. भिंतीवरील मराठी दिनदर्शिकेतला ४ हा शाळेच्या फळ्यावरील इंग्रजी आठासारखा दिसतो. तिथला १ इंग्रजी नवाचा भाऊ वाटतो, तर ७ इंग्रजी सहाचा. आजी 'सहा' म्हणते, गुरुजी 'छह' म्हणतात आणि इंग्रजी पुस्तक 'सिक्स' म्हणते. चिमुकला जीव गोंधळला तर नवल ते काय! आपण मात्र त्याच्यावर 'गणितात कच्चा' असा शिक्का मारून मोकळे होतो. पुष्कळ घरांत तर उपाय म्हणून मराठी अंकांनाच रजा मिळते. मग आजीचे 'एकोणसाठ' नातवाला उमगत नाही आणि दोन पिढ्यांमधला एक धागा नकळत तुटतो.

यात दोष अंकांचा नाही, बालकाचाही नाही. दोष आपल्या शिकविण्याच्या क्रमाचा आहे. आपण आधी आकृती गिरवून घेतो, मग नावे पाठ करवतो आणि संख्या म्हणजे काय, हे सांगायचे राहूनच जाते. एक ते दहा घडाघडा म्हणणाऱ्या मुलाकडे चार चिंचोके मागून पाहावेत. त्याने मूठभर पुढे केले, तर समजावे की त्याच्या मुखी शब्द आहेत, मनात संख्या नाही. मोजताना शेवटी उच्चारलेला शब्द हीच साऱ्या वस्तूंची संख्या, हे कळणे ही बालबुद्धीची मोठी झेप होय. गेलमन आणि गॅलिस्टेल या अभ्यासकांनी १९७८ साली आपल्या ग्रंथात हे तत्त्व विशद केले.

ही झेप पाटीपेक्षा अंगणात लवकर घेता येते. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम आरंभिले. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या आणि पुढे ते कार्य कोसबाडच्या टेकडीवर बहरले. माँटेसोरी पद्धतीची महागडी साधने खेड्यात कोठून आणावी? त्यांनी खडे, पाने आणि बिया यांनाच साधने केले. वैनगंगेच्या काठी राहणाऱ्या आपणांस खड्यांची वाण खचितच नाही!

आता काही खेळ पाहू. सात-आठ मुले जमवावीत. शेजारची हिंदी भाषक मुलेही आवर्जून बोलवावीत. मुले अंगणात धावत असताना आईने टाळी वाजवून 'तीन' म्हणावे. तिघातिघांनी हात धरून उभे राहावे. जो एकटा उरेल त्याला बाद करू नये. पुढचा अंक त्यानेच पुकारावा. काही दिवसांनी न बोलता नुसती बोटे दाखवावीत, आणि त्यानंतर अंक लिहिलेला पुठ्ठा. पुकार कधी मराठीत व्हावा, कधी हिंदीत. एक, तीन, चार, सात, आठ ही नावे दोन्ही भाषांत सारखीच आहेत. दोन-दो, पाच-पाँच, नऊ-नौ, दहा-दस ही चुलत भावंडे. परके वाटतात ते केवळ सहा आणि छह.

दुसरा खेळ रांगोळीचा. एका ओळीत दहा घरे आखावीत. प्रत्येक घरात मराठी अंक, इंग्रजी अंक आणि तितकेच ठिपके काढावेत. चार ठिपके साक्षीला असले, की ४ आणि इंग्रजी आठ यांची गल्लत होत नाही. चार कवड्या टाकून जितक्या उताण्या पडतील तितकी घरे पुढे जावे. पाचव्या घरातून दोन घरे चालताना 'एक, दोन' न म्हणता 'सहा, सात' असे म्हणावे. अमेरिकेत रमणी आणि सीग्लर यांनी २००८ साली गरीब घरांतील बालकांना असाच एक ते दहा घरांचा पट खेळावयास दिला. सुमारे पाव तासाच्या चारच बैठकींनी त्यांची संख्यांची जाण वाढली. अंकांऐवजी नुसत्या रंगांचा पट खेळलेल्या मुलांत तसे घडले नाही.

कवड्यांचा लाभ आणखी एक. तीन उताण्या पडल्या, हे मूल हळूहळू न मोजताच ओळखू लागते. आजीच्या अष्टाचंगात हे शिक्षण पूर्वीपासून होतेच; आपण त्याला खेळ म्हणत होतो, इतकेच.

एक पथ्य मात्र पाळावे. पाव तासाहून अधिक ताणू नये, बक्षीस ठेवू नये आणि चुकलेल्याला हसू नये. संख्या एकदा हातापायांत भिनली, की तिला तीन नावे असली तरी बालक डगमगत नाही. त्यालाही घरचे एक आणि शाळेतले एक अशी दोन नावे असतातच की! त्यांपैकी घरचे नाव जपणे मात्र आपल्याच हाती आहे. ते शाळा शिकविणार नाही.