ओस शाळा आणि वृद्धांची बिऱ्हाडे

खानदेशातील एखाद्या खेड्यातली शाळा कायमची बंद झाली, म्हणजे तिच्या इमारतीविषयी गावात सहसा दोन मते निघतात. एक पक्ष म्हणतो, पाडून टाका आणि दुकानांचे गाळे काढा. दुसरा म्हणतो, सरस्वतीच्या मंदिरास हात लावू नका. हा वाद चालू असता कौले फुटतात, चौकटी नाहीशा होतात, आणि शेवटी सरस्वतीच्या मंदिरात गुरे बसतात. आमची सूचना तिसरी आहे, आणि ती दोन्ही पक्षांस रुचणार नाही हे जाणूनच आम्ही ती मांडीत आहो : अशा इमारतींत गावच्याच वृद्धांकरिता भाड्याची लहान बिऱ्हाडे करावीत.

या सूचनेचा दुरुपयोग होण्याजोगा आहे, म्हणून एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. २०१७ साली दहाहून कमी पट असलेल्या सुमारे तेराशे शाळा बंद करण्याचे सरकारने ठरविले. २०२३ साली वीसाच्या आतील पटाच्या शाळा एकत्र करून 'समूह शाळा' काढण्याची योजना पुढे आली. पट वीसाच्या आत आला एवढ्याने शाळा ओस ठरत नाही. २००९ च्या शिक्षणहक्काच्या कायद्याखालील नियमांनी लहान मुलांची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत असावी असे ठरविले आहे, ते विचारपूर्वकच. नातवास वर्गातून उठवून त्याच्या जागी आजोबांची खाट टाकावी, हा सौदा कोणताही शहाणा आजोबा पत्करणार नाही. आम्ही बोलतो ते जेथे मुलेच उरली नाहीत, अथवा शाळा नव्या इमारतीत गेली, त्या वास्तूंविषयी.

आता पावित्र्याचा आक्षेप. १९२४ ते १९३० या काळात साने गुरुजी अमळनेरच्या शाळेत शिक्षक होते आणि तेथील छात्रालयही सांभाळीत होते. मुलांस शिकविणे आणि आजारी मुलाच्या उशाशी बसणे, यांतील एक काम पवित्र व दुसरे हलके असे त्यांनी कधी मानले नाही. ज्या जिल्ह्यास असा गुरू लाभला, तेथे थकल्या माणसाच्या वास्तव्याने शाळा बाटते असे कोणी म्हणावे, याचे आम्हांस नवल वाटते.

सोयीच्या दृष्टीनेही जुनी शाळा कमी नाही. जळगावचा वैशाख ज्यांनी भोगला आहे, त्यांस जाड भिंतींचे, उंच छपराचे आणि लांब ओसरीचे मोल सांगावयास नको. इमारत बहुधा एकमजली. जिना चढावयाचा नाही. पटांगणात निंब, बाजूस देऊळ, हाकेच्या अंतरावर ओळखीची माणसे. एका वर्गखोलीत दोघांचे बिऱ्हाड सहज मावते. मोरी, संडास, ओटा आणि पायरीऐवजी उतार एवढे नवे करावे लागेल. परदेशात हे नवीन नाही. अमेरिकेत कित्येक जुन्या शाळांच्या वर्गांतून वृद्धांची घरे झाली आहेत, आणि जपानचे शिक्षणखाते २०१० पासून ओस शाळांस नवा उपयोग मिळवून देण्याच्या खटपटीत आहे.

आमच्याकडे काय आहे? २००७ चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा आहे. त्याच्या १९ व्या कलमात, प्रत्येक जिल्ह्यात निदान दीडशे निराधार वृद्धांची सोय होईल असा एक तरी आश्रम सरकार 'काढू शकेल', असे म्हटले आहे. 'शकेल' या एका क्रियापदात कलमाचा सारा कणा विरघळला! आणि आश्रम निघाला तरी जळगाव जिल्ह्याचे तालुके पंधरा. चोपड्याच्या म्हाताऱ्यास चाळीसगावाकडे नेऊन ठेवले, तर छप्पर मिळेल. पण पारावर बसून ज्यांच्याशी भांडावयाचे, ती माणसे तापीपलीकडेच राहतील.

परंतु आम्हांस खरी भीती वाटते ती शहरातील शाळांच्या जागांविषयी. 'ज्येष्ठांसाठी खास सदनिका' ही पाटी जाहिरातीत फार शोभते. पण विकलेली सदनिका एकाच पिढीपुरती ज्येष्ठांची असते. पहिला मालक वारला की ती मुलाकडे जाते; मुलगा पुण्यास अथवा सुरतेस असतो, तो ती विकतो किंवा भाड्याने देतो, आणि पाच-दहा वर्षांत त्या वास्तूत वृद्ध शोधून सापडत नाही. शाळेची जागा मात्र कायमची गेलेली असते. म्हणून विक्री मुळीच नको. मालकी जिल्हा परिषदेची, नगरपालिकेची वा संस्थेची असेल तिचीच राहावी. राहणाऱ्यास हयातीपर्यंत राहण्याचा हक्क असावा, वारसास नसावा. आमच्या वाचकांपैकी पुष्कळजण त्या दूर गेलेल्या मुलांतलेच असतील. त्यांस हे कलम जाचक वाटेल. वाटो.

कित्येक गावांत शाळेची जमीन कोणा पूर्वजाने शिक्षणाकरिता म्हणून दिलेली आहे. तेथे दानपत्र पाहिल्यावाचून आणि ग्रामसभेस विचारल्यावाचून काही करू नये. एक खोली मुलांच्या वाचनालयास राखून ठेवली, तर दात्याचा हेतूही काही अंशी राहील, आणि निवृत्त गुरुजींस संध्याकाळी गणिते घालावयास कोणीतरी मिळेल. भाडे ऐपतीप्रमाणे घ्यावे, निराधारांचे सरकारने भरावे. कामास आरंभ मात्र संडासांपासून करावा. रंगरंगोटी आणि उद्‌घाटनाची कोनशिला मागाहून पाहता येईल.