लाकडावरचा शिक्का कोणासाठी?

३१ डिसेंबर २०२३ रोजी मध्यरात्रीनंतर छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज औद्योगिक वसाहतीत हातमोजे बनविणाऱ्या एका कारखान्यास आग लागली. आत झोपलेल्या कामगारांपैकी सहा जण मृत्युमुखी पडले. दिवसा जेथे माल तयार व्हावा तेथेच रात्री मजुराने अंग टाकावे, ही व्यवस्था त्या एका कारखान्यापुरती नाही. अशा शेडमध्ये आग किती वेगाने पसरेल आणि झोपेतून उठलेल्या माणसास दार गाठावयास किती अवधी मिळेल, हे पुष्कळसे आतील साहित्यावर ठरते. त्या साहित्यात लाकडाचा वाटा मोठा असतो : पोटमाळ्याच्या फळ्या, प्लायवुडचे आडोसे, मांडण्या, मालाखालचे पॅलेट, पॅकिंगच्या पेट्या.

या लाकडाची पारख कोण करतो? परदेशी जाणाऱ्या मालाची पेटी पाहावी. तिच्यावर गव्हाच्या लोंबीचे चित्र असलेला शिक्का असतो. लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला सलग ३० मिनिटे तापविले आहे, किंवा त्याला औषधी धुरी दिली आहे, याची ती ग्वाही. आयात करणाऱ्या देशांच्या वनांत कीड शिरू नये म्हणून २००२ साली हा आंतरराष्ट्रीय दंडक झाला. शिक्क्यावाचून माल बंदरात अडतो, म्हणून कारखानदार तो खर्च मुकाट्याने सोसतो. परक्या देशातील झाडांची एवढी काळजी वाहणाऱ्या त्याच शेडमधील पोटमाळ्याच्या प्लायवुडवर कसला शिक्का आहे, हे मात्र कोणी विचारीत नाही.

वस्तुतः आग मंदावणाऱ्या प्लायवुडसाठी भारतीय मानक आहे. त्याचा क्रमांक ५५०९. बोरिक आम्ल, बोरॅक्स, अमोनियम फॉस्फेट यांसारखी द्रव्ये दाबाखाली लाकडात भिनविली, की तापल्यावर पृष्ठभागावर कोळशाचा थर लवकर धरतो, ज्वालाग्राही वायू कमी सुटतात आणि ज्योत सावकाश पसरते. असे लाकूड जळतच नाही, हा समज घातक होय. ते काही मिनिटे मिळवून देते, एवढेच. परंतु झोपलेल्या माणसाचे मरणजगणे त्या मिनिटांतच असते. शिवाय यांतील बरेचसे क्षार पाण्याने धुऊन जातात, दमट हवेत ओल धरतात, खिळ्यांना गंज चढवितात. गळक्या पत्र्याखाली त्यांचा गुण टिकेल असे धरून चालता येत नाही. वरून फासलेला लेप तर जेथे करवत फिरली तेथे निरुपयोगी. आणि जेथे रंग, थिनर हाताळले जातात तेथे प्रक्रिया केलेलेही लाकूड नकोच. विटांची भिंत हवी.

अर्थात प्रश्न दामाचा आहे. जागा एकाची, उद्योग भाडेकरूचा, मजूर ठेकेदाराचे. फळी स्वस्त घेतल्याचा लाभ यांपैकी कोणास तरी होतो, धोका मात्र सगळा झोपणाऱ्याच्या वाट्याला येतो. महाराष्ट्राच्या २००६ च्या आग प्रतिबंधक अधिनियमाने मालक व भोगवटादार यांच्यावर जबाबदारी टाकली असून अग्निसुरक्षेच्या उपाययोजना सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत व जुलैत, देणे त्यांस भाग आहे. त्याच कागदावर शेडमधील लाकूड कोणते, मानकाचा शिक्का आहे की नाही, ते भिजले अथवा कापले गेले काय, एवढ्या तीन नोंदी वाढवाव्यात आणि त्याची प्रत दारावर लावावी. ही मागणी कामगार संघटनांनी येत्या तपासणीपूर्वीच अग्निशमन अधिकाऱ्यांपुढे लेखी मांडावयास हवी.